हांगुल घोकताय? या चुका टाळा

कोरियन शिकायला बसलेली बहुतेक मंडळी आधी अक्षरांचा तक्ता भिंतीवर चिकटवतात आणि घोकायला लागतात. हांगुल ही घोकायची लिपीच नाही. ग-चं अक्षर म्हणजे एक काटकोन: घशाकडे उचललेला जिभेचा मागचा भाग, बाजूने पाहिलेला. न म्हणजे वर टेकलेलं जिभेचं टोक. म चौकोनी तोंड, स दात, गोल म्हणजे घसा. मूळ आकार हे पाचच. उच्चार कडक होत गेला की रेघ वाढते. ग-ला एक रेघ दिली की ख. न, द, थ ही एकाच आकाराची चढती रूपं. स्वर आकाशाचा ठिपका, पृथ्वीची आडवी रेघ आणि माणसाची उभी रेघ यांतून जमवलेले. ठिपक्याची पुढे छोटी रेघ झाली.

हे मनचे अर्थ नव्हेत. सेजोंग राजाने लिपी १४४३ मध्ये तयार केली आणि १४४६ मध्ये जाहीर केली, तेव्हाच्या ग्रंथात हे सगळं स्पष्ट लिहिलं आहे. त्या स्पष्टीकरणाची प्रत १९४० मध्ये हाती लागेपर्यंत, अक्षरं खिडकीच्या जाळीवरून सुचली इथवर तर्क लढवले गेले होते.

‘हांगुल देवनागरीवरूनच उचलली’ हा फॉरवर्डही पुढे ढकलू नका. धागा आहे, पण तो दूरचा. घसा, जीभ, ओठ असे ध्वनींचे गट कोरियाने चिनी ध्वनिशास्त्रातून घेतले आणि त्या शास्त्रावर बौद्ध धर्मासोबत गेलेल्या संस्कृत ध्वनिविचाराचा प्रभाव होता. काही आकारांवर मंगोल साम्राज्यातल्या फाग्स्पा लिपीची छाया असावी, असं काही अभ्यासक मानतात.

आता उच्चार. सगळ्यात महागात पडते ती देवनागरीत लिहून घेतलेली वही. ‘पुसान की बुसान’ हा वाद ऐकलाच असेल. कोरियन अक्षर तेच राहिलं, २००० साली बदललं ते रोमन स्पेलिंग. हे अक्षर शब्दाच्या सुरुवातीला प-कडे झुकतं, दोन स्वरांमध्ये ब होतं. ‘सेऊल’ आपण इंग्रजी स्पेलिंगवरून उचललं. कोरियन उच्चार ‘सॉउल’च्या जवळ जातो. वहीत ऑ आणि ओ एकच करून टाकलेत तर पुढे शब्दच बदलतात. ज मात्र ‘जीवन’मधला, ‘जवळ’मधला नाही. जोडअक्षरी क म्हणजे ख नव्हे, ‘पक्का’तला क्क.

‘अक्षरं येतात, तरी ऐकलेलं आणि लिहिलेलं जुळत नाही’ ही तक्रार सर्रास ऐकू येते. धन्यवादाच्या शब्दात ‘हाप्-निदा’ लिहिलेलं असतं आणि लोक ‘हाम्निदा’ म्हणतात. इथे मराठी माध्यमात शिकलेल्यांनी घाबरायचं कारण नाही: वाक् + मय = वाङ्मय, जगत् + नाथ = जगन्नाथ. शाळेतली तीच अनुनासिक संधी! फरक एवढाच, की आपण संधी झाल्यावरचं रूप लिहितो आणि कोरियन लोक संधीआधीचं लिहून संधी तोंडाने करतात. १८९६ मध्ये निघालेल्या, कोरियन मजकूर फक्त हांगुलमध्ये छापणाऱ्या वृत्तपत्राच्या नावात ‘दोक-रिप’ असा शब्द आहे, वाचायचा ‘दोङनिप’. हा हट्टीपणा नाही. मूळ शब्द सगळीकडे सारखा दिसावा हे १९३३ च्या शुद्धलेखन नियमांचं धोरण आहे. किंमत या अर्थाचा ‘गाप्स’ एकटा असताना ‘गाप’ ऐकू येतो, पुढे ‘मान’ लागला की ‘गाम्मान’. लेखन हलत नाही. म्हणून कानाने ऐकून स्पेलिंग ठरवू नका.

कोरियनमध्ये एकत्र उच्चारायची अक्षरं एका चौकोनी ठोकळ्यात रचतात. ठोकळ्याच्या सुरुवातीचं गोल मुकं असतं आणि शेवटी आलं तर ङ. पंधराव्या शतकात ही दोन वेगळी अक्षरं होती.

शेवटची अडचण संगणकावरची. मॅकवरून विंडोजवर आलेल्या फाइलचं कोरियन नाव सुट्या अक्षरांत फुटलेलं दिसतं. फाइल बिघडलेली नसते. युनिकोडमध्ये तयार ठोकळे ११,१७२ आहेत (१९ आरंभ × २१ स्वर × २८ शेवट, त्यात ‘शेवट नाही’ हाही एक), पण तेच अक्षर सुट्या भागांतूनही साठवता येतं. नाव एनएफसी (युनिकोडच्या जोडलेल्या) रूपात बदलून घ्या, किंवा विंडोजवर हातानेच पुन्हा टाइप करा.