औपचारिक इंग्रजी: कुठे आणि किती

सोसायटीच्या सभेत मराठीतून तावातावाने भांडणारा मुंबईकर बँकेला किंवा विमा कंपनीला पत्र लिहायला बसला की इंग्रजीकडे वळतो आणि त्याची भाषा एकाएकी जड होते. याचे एक कारण मराठीतच आहे. तू, तुम्ही, आपण या पायऱ्यांनी आपण आदर मोजतो. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू' असल्यामुळे काहीतरी उणे राहिल्यासारखे वाटते आणि ती उणीव 'काइंडली', 'रिस्पेक्टेड', 'हंबल' अशा शब्दांनी भरून काढली जाते. वास्तविक इंग्रजीतले अदबशीर बोलणे पुष्कळदा वाक्याच्या घडणीवर अवलंबून असते. 'काइंडली सेंड द स्टेटमेंट' हा नरम केलेला हुकूमच राहतो, तर 'कुड यू प्लीज सेंड द स्टेटमेंट बाय फ्रायडे?' ही विनंती होते आणि मुदतही सांगून होते.

पत्रात काम पहिल्याच वाक्यात सांगावे. गच्चीतून पाणी झिरपत असेल तर 'आय बेग टू ब्रिंग टू युवर काइंड नोटिस' अशी प्रस्तावना न करता 'वॉटर हॅज बीन लीकिंग फ्रॉम द टेरेस इन्टू फ्लॅट ७०२ सिन्स १२ जून' असे लिहावे. त्यानंतर काय हवे आणि केव्हापर्यंत हवे, ते लिहावे. 'डू द नीडफुल' लिहिले की नेमके काय करायचे हे वाचणाऱ्याने ओळखायचे, आणि कचेरी सरकारी असो वा खासगी, तिथे ते कोणी ओळखत बसत नाही. 'डोन्ट', 'कान्ट' ही रूपे अर्जात पूर्ण लिहावीत. सहकाऱ्याच्या ईमेलमध्ये ती खुशाल चालतात. ब्रिटिश रिवाजानुसार 'डिअर सर'ने सुरू झालेले पत्र 'युवर्स फेथफुली'ने आणि नावाने सुरू झालेले 'युवर्स सिन्सिअरली'ने संपते. 'प्रीपोन' (ठरलेली वेळ अलीकडे आणणे) हा शब्द नरिमन पॉइंटला सर्वांना कळतो, त्यामुळे तो टाळण्याचा अट्टाहास नको. लंडनच्या ग्राहकाला मात्र 'ब्रिंग फॉरवर्ड' लिहिलेले बरे.

बोलताना हेच नियम सैल करावे लागतात, कारण पत्रातली वाक्ये तोंडी म्हटली की पाठ केल्यासारखी वाटतात. बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) नोकरीच्या मुलाखतीत 'आय अॅम'ऐवजी 'आयॅम' म्हटल्याने कोणाचा अवमान होत नाही. उलट प्रत्येक वाक्याला 'सर' जोडल्याने उत्तर मात्र हरवते. 'मायसेल्फ' म्हणून नाव सांगण्यापेक्षा 'माय नेम इज' म्हणावे. फोनवर 'बोला'च्या धर्तीवर आपण 'येस, टेल मी' म्हणून जातो. मराठीत ते आपुलकीचे असले तरी परक्या कानाला तुटक वाटते, म्हणून तिथे 'हाऊ कॅन आय हेल्प?' वापरावे. न्यायालयाची गोष्ट वेगळी. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात 'युवर ऑनर' किंवा 'ऑनरेबल कोर्ट' म्हणावे, असे बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या शिखर संस्थेने २००६ मध्ये सुचवले, तरी 'माय लॉर्ड' अजून ऐकू येते. तेव्हा तिथे आपल्या वकिलाला विचारूनच तोंड उघडावे.