एकच पाय सुजलाय? मग चोळू नका : पायाच्या शिरांबाबत या चुका टाळा

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा कामगार असो, नाहीतर मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणारी बाई, संध्याकाळी पाय भरून येतातच. म्हणून पायाची कुठलीही तक्रार 'कामाचा शीण' म्हणून सोडून दिली जाते. घोळ इथेच होतो.

शिणाचं दुखणं सहसा दोन्ही पायांना असतं. एकच पोटरी एकाएकी सुजली, दुखतेय, हाताला गरम लागतेय, तर आतल्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी, म्हणजे डीव्हीटी, झाल्याची शंका घ्या. शिंप्याच्या टेपने दोन्ही पोटऱ्या गुडघ्याखाली सारख्याच अंतरावर मोजा. घेरात ३ सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर शंका बळावते. फरक कमी भरला म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका. डॉप्लर सोनोग्राफी, म्हणजे शिरेतलं रक्त नीट वाहतंय का ते दाखवणारी तपासणी, त्याच दिवशी करून घ्या.

आपल्याकडे त्याऐवजी होतं काय? 'नस चढली' म्हणत कुणीतरी कोमट तेल घेऊन बसतं आणि पोटरी खालून वर दाबून काढतं. गुठळी असेल तर तिचा तुकडा सुटून थेट फुफ्फुसात अडकू शकतो. अचानक दम लागला, छातीत कळ आली, थुंकीत रक्त दिसलं, तर १०८ ला फोन करा. शेकणं, चोळणं, लेप, सगळं बंद.

सूज उतरली की रक्त पातळ करणारी गोळी परस्पर सोडणारेही कमी नाहीत. हे औषध सहसा किमान ३ महिने चालतं. ते चालू असताना मेडिकलमधून आपल्या मनाने पेनकिलर आणू नका, रक्तस्राव होऊ शकतो.

फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरा म्हणजे व्हेरिकोज व्हेन्स. त्यांचे घट्ट मोजे सकाळी अंथरुणातून उठण्याआधी चढवायचे. दुपारी सुजल्या पायावर ओढून फारसा उपयोग नाही. मधुमेह असेल तर आधी पायाचा रक्तपुरवठा तपासून घ्या. घोट्याजवळची शीर फुटून चिळकांडी उडाली तर वर दोरी आवळू नका. आडवं व्हा, पाय उंच धरा, स्वच्छ फडक्याने जखमेवरच दाबून धरा आणि दवाखाना गाठा.

आणखी एक, ज्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. वारी किंवा पूजेसाठी पाळी पुढे ढकलायची गोळी. आधी गुठळी झालेल्या बाईने, किंवा घरात कुणाला झाली असेल तिने, ती मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नये. आधी डॉक्टरांना विचारावं.