चिमटे घेतलेत का?

आधी चिमटे. कपडे वाळत घालायचे, गच्चीतल्या दोरीवरचे, तेच. दोन डझन. बॅग उघडलीत की तळाशी पहिल्यांदा ते टाका आणि मग पुढचं वाचा. पासपोर्ट, कार्ड, पोहायचे कपडे हे मी सांगायला नको. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं न्यू जर्सीहून कॅरिबियनमधल्या ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सला गेलो, अडतीस फुटी शिडाची बोट आठवडाभरासाठी भाड्याने घेतली. नवरा कप्तान, मी बाकी सगळं. यादी तीन पानी होती. तिच्यात कॅमेऱ्याच्या चार बॅटऱ्या होत्या, चिमटे नव्हते.

कधी जायचं हा प्रश्न सोपा आहे. चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, तेव्हा डिसेंबर ते एप्रिल. ऑक्टोबरअखेर बोटी स्वस्त मिळतात म्हणून मोहात पडू नका. तिथल्या सॉल्ट आयलंडजवळ ऱ्होन नावाची इंग्रज टपालबोट तळाशी पडली आहे, लोक मुद्दाम बुडी मारून बघायला जातात. ती बुडाली २९ ऑक्टोबर १८६७ ला, म्हणजे ऐन ‘आता कसलं वादळ’ म्हणायच्या दिवसांत. आणि ६ सप्टेंबर २०१७ ला इर्मा वादळाने या बेटांवरची घरं आणि बोटी किती मोडल्या ते तिथला कुणीही सांगेल. डिसेंबर-जानेवारीत पूर्वेचा वारा कधीकधी पंचवीस नॉटच्या, म्हणजे ताशी सेहेचाळीस किलोमीटरच्या, वर जातो. दोघंच असाल, आणि पहिलीच खेप असेल, तर मार्च-एप्रिल बरा.

कागदपत्रांत एक खोच आहे. सेंट थॉमस अमेरिकेचं, टॉर्टोला ब्रिटनचं. बेटं एकमेकांना दिसतात, पण मधे देश बदलतो. विमानाने सेंट थॉमसला उतरून फेरीबोटीने टॉर्टोलाला, जिथे बोट भाड्याने मिळते, जाणार असाल तर तो परदेशप्रवास आहे. अमेरिकेत एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, असाल तर पासपोर्टातला व्हिसाचा शिक्का चालू आहे ना ते बघा. शिक्का संपला असताना कॅनडा-मेक्सिकोहून तीस दिवसांत परत येता येतं, ती सवलत या बेटांना लागू नाही. तिथे अडकलात तर चिमटे असूनही उपयोग नाही. विमान दुपारपर्यंत उतरेल असंच घ्या, शेवटची फेरी संध्याकाळी लवकर सुटते. कंपनी तुमचा नौकानयनाचा अनुभव लिहून मागते, तो खरा लिहा. कमी वाटला तर पहिले एक-दोन दिवस त्यांचा माणूस सोबत घ्या. त्यात कसली लाज?

बॅग मऊ हवी, घडी होणारी. चाकांची कडक सूटकेस बोटीवर ठेवायला जागाच नसते, ती आठवडाभर तुमच्या अंथरुणात झोपते. कपडे जेवढे वाटतात त्याच्या निम्मे. बोटीवर सगळे अनवाणी फिरतात. पूर्ण बाह्यांचे पातळ शर्ट मात्र दोन-दोन घ्या. टॉर्टोला साधारण आपल्या मुरूड-जंजिऱ्याच्या अक्षांशावर आहे, त्यामुळे ऊन ओळखीचं वाटतं आणि तिथेच माणूस फसतो. वारा सतत लागत असतो, भाजल्याचं संध्याकाळी कळतं. सनस्क्रीन खनिजाचं, म्हणजे झिंक ऑक्साइडचं घ्या. ऑक्सिबेन्झोन असलेल्या सनस्क्रीनवर अमेरिकी व्हर्जिन आयलंड्सने प्रवाळांसाठी २०२० पासून बंदी घातली आहे. डोक्याला लावायची विजेरी, दोघांना दोन. पोलराइज्ड गॉगल, कारण पाण्याचा रंग वाचता आला पाहिजे: गडद निळं म्हणजे खोल, फिकट हिरवं म्हणजे उथळ वाळू, तपकिरी म्हणजे खडक किंवा प्रवाळ, तिकडे जायचं नाही. बोट लागत असेल तर गोळी निघायच्या आधी घ्यायची. पोट ढवळायला लागल्यावर घेतलेली गोळी गोळीसकट बाहेर येते. मी आलेपाक नेला होता. गोळीइतका नाही, पण तोंडाला चव राहिली.

आता चिमट्यांचं. बोटीवर सगळं ओलं असतं. दिवसातून चार वेळा पाण्यात उतरता, चार वेळा अंग पुसता, आणि वाळत घालायला जागा एकच, कडेच्या कठड्याची तार. तिथे सतत पंधरा-वीस नॉट वारा. टॉवेल नुसता टाकलात तर दोन मिनिटांत गेला. आम्ही गाठी मारल्या. नवरा म्हणाला, ‘अगं, ही खलाश्याची गाठ आहे, सुटत नाही.’ तिसऱ्या दिवशी कूपर आयलंडला पोचलो, बोट बांधायचा तरंगता बोया पकडायचा होता. मी पुढे आकडीकाठी घेऊन पालथी, तो सुकाणूवर. जो तो बजावतो की बोट मागे घेताना डिंगीची, म्हणजे मागे बांधलेल्या छोट्या होडीची, दोरी आखडून घ्या, नाहीतर इंजिनाच्या पंख्यात जाते. आम्ही शहाण्यासारखी आखडली होती. दोघांचं लक्ष त्या दोरीवर, आणि माझा निळा टॉवेल गाठ सोडून अलगद पाण्यात. त्याने बोट मागे घेतली. इंजिनाने एक उचकी दिली आणि बंद.

पुढे बोया, मागे खडक, वारा खडकाच्या दिशेने. शेजारच्या बोटीवरचं एक वयस्कर जोडपं डिंगीतून येऊन दोर देऊन गेलं म्हणून बचावलो. पंख्याला टॉवेल असा आवळून बसला होता की कापायला पाणबुडा आला. टॉवेल चौदा डॉलरचा. पाणबुड्याचे आणि वाया गेलेल्या दिवसाचे मिळून अनामतीतून जे कापले गेले त्यात गादी-उशांसकट पलंग आला असता. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावरच्या दुकानात चिमटे विचारले. रम होती, अकरा प्रकारची.

म्हणून दोन डझन. लाकडी नकोत, त्यांची स्प्रिंग खाऱ्या हवेत गंजते आणि कपड्यावर डाग पडतात. स्वस्त प्लास्टिकचे उन्हात तुटतात. स्टीलचे घ्या किंवा जाड प्लास्टिकचे. टॉवेलला दोन नाही, चार लावायचे. आणि किनाऱ्याजवळ जाताना, बोया पकडायच्या किंवा नांगर टाकायच्या आधी, तारेवरचं सगळं आत. चिमटे असले तरी आत.

सामान टॉर्टोलावरच्या रोड टाउनमध्ये भरा. पुढच्या बेटांवर थोडंच मिळतं आणि सगळंच बाहेरून येत असल्याने महाग. दोघांना लागतं त्याच्या दीडपट माणूस घेतो. संध्याकाळी किनाऱ्यावरच जेवणार आहात, तेव्हा सात दिवसांची सात जेवणं धरू नका. भाजणी, मेतकूट, चहापूड घरून. तव्यावर थालीपीठ लावलं तेव्हा वाऱ्याच्या दिशेच्या दोन बोटींवरून माना वळल्या. स्वयंपाक झाला की शेगडीबरोबर सिलिंडरचा खटकाही बंद. पिठाच्या उघड्या पिशव्यांनाही चिमटेच लागतात, सांगून ठेवते. पिण्याचं पाणी वेगळं घ्या, टाकीतलं जपून. आंघोळ समुद्रात, वरून शेवटचा तांब्या गोड्या पाण्याचा. संडासात कागद टाकायचा नाही. टाकलात तर तो कुणी काढायचा यावर लग्न टिकण्याची परीक्षा होते.

बोट ताब्यात घेताना घाई करू नका. कंपनीचा माणूस भराभर बोलतो आणि तुम्ही दोघं मान डोलावता. फोनवर व्हिडिओ काढा. नांगराची साखळी किती लांब, फ्यूज कुठे, पाण्याचा पंप कुठे, डिंगीच्या इंजिनाची मनगटाला अडकवायची दोरी कुठे. ती दोरी अडकवल्याशिवाय डिंगी चालवायची नाही, पडलात तर इंजिन तिच्यामुळेच बंद होतं. आपल्याकडे नौकानयन शिकला असाल तर एक मोठा घोटाळा आहे. भारतात बंदरात शिरताना वाट दाखवणारे लाल बोये डाव्या हाताला असतात, इथे उजव्या हाताला. नवऱ्याला मी पट्टीवर लिहून सुकाणूजवळ चिकटवून दिलं.

मुक्कामाला दुपारी दोन-तीनपर्यंत पोचा. काही बोये अॅपवर सकाळी सातला आरक्षित होतात, बाकीचे जो आधी येईल त्याचे. नांगर टाकलात तर वाळूत, आणि खोलीच्या निदान पाचपट साखळी सोडून. मग पाण्यात उतरून तो खरोखर रुतलाय का ते डोळ्यांनी बघा. अंधारात बोट हलवायची नाही, करारात तसं लिहिलेलंच असतं. कूपर आयलंडच्या त्या उपसागराचं नाव मॅन्चिनील या झाडावरून आहे. छोट्या सफरचंदासारखी फळं, विषारी, आणि चीकही अंग भाजणारा. पावसात त्याच्या आडोशाला उभं राहू नका.

मार्ग सोपा ठेवा: नॉर्मन आयलंड, कूपर, व्हर्जिन गोर्डा, योस्ट व्हॅन डाइक. व्हर्जिन गोर्डाचे ‘बाथ्स’ म्हणजे किनाऱ्यावरचे घराएवढे ग्रॅनाइटचे धोंडे. तिथे सकाळी लवकर जा, बोये फक्त दिवसा वापरायचे, आणि तेही दीड तासापुरते असतात. डिंगी वाळूवर नेता येत नाही, दोरीला बांधून पोहत जायचं. लाल निशाण असेल तर उतरूच नका. उत्तरेची लाट आली असेल तर योस्ट व्हॅन डाइकचा पांढऱ्या वाळूचा किनाराही सोडा. अनेगाडाला जायचं तर कंपनीला आधी विचारा. बाकीची बेटं डोंगराची, हे मात्र सपाट, आठेक मीटर उंचीचं. लांबून फक्त झाडांचे शेंडे दिसतात आणि भोवती प्रवाळाची भिंत. ऊन डोक्यावर असताना पोचा. लॉबस्टरची ऑर्डर दुपारीच द्यावी लागते.

रात्री डिंगी वर उचला आणि कुलूप. मदतीसाठी बोटीवरच्या रेडिओचं सोळा नंबरचं चॅनेल. फोनचं पॅक. मच्छरांचं मलम, संध्याकाळी किनाऱ्यावर बारीक किडे चावतात. रोख डॉलर, सुटे. औषधं.

परतीच्या दिवशी डिझेल भरून पावती ठेवा, कचरा उतरवा, बोट वेळेवर द्या, उशिराचे पैसे पडतात. फेरीला दोन तास हातात. ओरखडे असतील तर आपणहून सांगा.

आणि तारेवरचे चिमटे मोजून बॅगेत.