सहा महिन्यांनंतर बाळाची वाटी कशी भरावी: रोजच्या स्वयंपाकातून विविध आहार देण्याची पद्धत

उष्टावणाच्या दिवशी मामाच्या मांडीवर बसून बाळ पहिला घास खाते, घरात आनंद होतो, आणि त्यानंतरचे कित्येक महिने बहुतेक घरांत भाताची पेज, वरणावरचे पाणी आणि दुधात बुडवलेले बिस्किट एवढाच आहार चालू राहतो. पोट भरलेले दिसत असल्यामुळे कोणाला शंका येत नाही. मात्र वाढ मंदावलेली असू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली, तर देशभरातील ६ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुले ११ टक्क्यांच्या आसपास होती. सुखवस्तू घरांतली बाळेही याला अपवाद नाहीत. यावरचा उपाय महागड्या डब्यांत शोधण्याची गरज नाही, कारण आपल्या स्वयंपाकघरात रोज जे शिजते त्यातूनच बाळाची वाटी दररोज बदलती ठेवता येते.

आधी गट मोजावेत

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी या वयासाठी अन्नाचे आठ गट मानले आहेत: आईचे दूध; धान्ये आणि कंदमुळे; डाळी, कडधान्ये, शेंगदाणे व तीळ; दूध, दही, ताक; मांस आणि मासे; अंडी; गर्द पिवळ्या-केशरी रंगाच्या आणि हिरव्या पालेभाज्या व फळे; आणि इतर भाज्या-फळे. दिवसभरात यांपैकी किमान पाच गट बाळाच्या पोटात जायला हवेत.

एक दिवस ताडून पाहू. आईचे दूध, मऊ भात आणि वरण एवढेच दिले असेल, तर तीन गट झाले. भाताबरोबर बटाटा कुस्करला तरी संख्या वाढत नाही, कारण बटाटा धान्यांच्याच गटात मोडतो. त्याच वरणात लाल भोपळ्याची फोड शिजवली की चौथा गट येतो, आणि दुपारी अर्धे उकडलेले अंडे किंवा दोन चमचे ताजे दही दिले की पाचवा. रात्री झोपण्यापूर्वी अशी मोजणी करण्याची सवय लावून घ्यावी. जो गट राहिला असेल तो दुसऱ्या दिवशी सकाळी आधी द्यावा.

फोडणीपूर्वी बाळाचा वाटा काढावा

वेगळा स्वयंपाक करायचा म्हटले की दोन दिवसांत कंटाळा येतो, म्हणून कुकर लावतानाच विचार करावा. डाळीच्या भांड्यात गाजर, भोपळा, पालकाची किंवा शेवग्याची कोवळी पाने घालावीत, कुकर उघडल्यावर मीठ, तिखट आणि फोडणी घालण्याआधी बाळाचा वाटा बाजूला काढावा आणि उरलेल्याची नेहमीप्रमाणे आमटी करावी. पहिले वर्ष पूर्ण होईपर्यंत मीठ आणि साखर घालू नये. ज्वारीची भाकरी रोजची असेल, तर तिचा मऊ भाग वरणात भिजवून कुस्करावा. किनारपट्टीच्या घरांत माशाचे काटे नीट काढून तो भातात मिसळावा.

हे सारे मिक्सरमधून अगदी गंधासारखे करू नये. सुरुवातीला चमच्याने घोटलेले, आठव्या-नवव्या महिन्यापासून जरा भरड आणि वर्षाच्या सुमारास घरच्यांसारखेच, पण मऊ आणि बारीक तुकड्यांचे, असा क्रम ठेवावा.

दाटपणाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण सर्वांत जास्त नुकसान पातळ अन्नाने होते. बाळाचे पोट वजनाच्या दर किलोमागे जेमतेम ३० मिलिलिटरचे असते; सात किलोच्या बाळाला एका वेळी वाटीभर वरणाचे पाणी पाजले की पोट पाण्यानेच भरते आणि डाळ तळाशी राहून जाते. चमचा तिरका केला तरी ओघळून पडणार नाही इतके अन्न घट्ट असावे आणि त्यात चमचाभर तूप किंवा तेल घालावे, म्हणजे थोड्या घासांत जास्त ऊर्जा मिळते.

वयाप्रमाणे प्रमाण वाढवावे

६ ते ८ महिन्यांत दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात करून हळूहळू २५० मिलिलिटरच्या वाटीने अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीन वेळा द्यावी. ९ ते ११ महिन्यांत अर्धी वाटी, तीन-चार वेळा; त्यानंतर पाऊण ते एक वाटी, तीन-चार वेळा, आणि मध्ये भूक असेल तसे एक-दोनदा फळ किंवा दही. घरातली आमटीची वाटी बहुधा याहून लहान असते, म्हणून ती एकदा पाण्याने मोजून घ्यावी. आईचे दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू ठेवावे.

लोहाची सोय रोज करावी

आईच्या दुधातील लोह बाळाच्या अंगी चांगले लागते, पण त्याचे प्रमाण अगदी थोडे असते, आणि जन्मतः मिळालेला साठा सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो. याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातील ६ ते ५९ महिन्यांच्या सुमारे ६९ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला, हे लक्षात घेतले तर हा भाग टाळून चालणार नाही.

मांसाहारी घरात कलेजी, खिमा, मासे मऊ शिजवून सहाव्या महिन्यानंतर देता येतात. ‘अजून दात आले नाहीत’ या कारणासाठी थांबण्याची गरज नसते. शाकाहारी घरात डाळी, मोड आलेली कडधान्ये आणि पालेभाज्या यांवर भर द्यावा व त्यांवर लिंबाचे दोन थेंब पिळावेत, कारण ‘क’ जीवनसत्त्वामुळे वनस्पतींतील लोह अधिक शोषले जाते. चहा याच्या नेमका उलट परिणाम करतो. चहात बुडवलेले बिस्किट हा बाळाचा खाऊ नव्हे, हे घरातील आजी-आजोबांना प्रेमाने पण स्पष्टपणे सांगावे. अंगणवाडी किंवा आरोग्य केंद्रातून आठवड्यातून दोनदा द्यावयाचे लोहाचे औषध मिळते, तेही नेमाने द्यावे.

नाचणीचे पीठ मोड आणून करावे

नाचणी स्वच्छ धुऊन रात्रभर भिजवावी, पाणी निथळून ओल्या फडक्यात घट्ट बांधावी आणि दिवसभरात बारीक मोड आले की सावलीत पूर्ण वाळवावी. मंद आचेवर खमंग भाजून, हाताने चोळून मोड पाखडून टाकावेत आणि बारीक दळावे. मोड येताना धान्यातील पिष्ट थोडे तुटते, त्यामुळे या पिठाची खीर तितकी चिकट होत नाही आणि त्याच वाटीत अधिक पीठ मावते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. खिरीत साखरेऐवजी कुस्करलेले पिकलेले केळे घालावे. मात्र नाचणी कितीही गुणी असली तरी ती धान्यांच्या गटातच मोजावी, आणि तिच्या भरवशावर डाळ-भाजी वगळू नये.

नकार आणि धोके

नवी चव पहिल्यांदा थुंकली जाणे स्वाभाविक आहे. तोच पदार्थ आठ-दहा वेळा, थोडा-थोडा, जबरदस्ती न करता पुढे ठेवला की बहुतेक बाळे तो स्वीकारतात. मोबाइल दाखवून भरवू नये, कारण त्यात बाळाला आपली भूक भागल्याचे कळत नाही. अंडे आणि शेंगदाणे वर्षभर टाळावेत हा जुना सल्ला आता मानला जात नाही. दाण्याचे अगदी बारीक कूट वरणात शिजवून द्यावे, मात्र बाळाला तीव्र इसब किंवा एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारावे. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षे घशात अडकू शकतात, म्हणून ती तशीच देऊ नयेत. वर्षाच्या आत मध चाटवू नये. त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. वर्षानंतरही वरचे दूध दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त नको, कारण दुधाने पोट भरलेले मूल जेवत नाही.

वाढ कार्डावर पाहावी

पूर्ण दिवसांच्या बाळाचे वजन पाचव्या महिन्याच्या सुमारास जन्मवजनाच्या दुप्पट आणि वर्षाला तिप्पट होते. अंगणवाडीत दरमहा वजन करून माता व बाल संरक्षण कार्डावर ठिपका नोंदवून घ्यावा. बाळ गुटगुटीत आहे की नाही, यापेक्षा रेषा वर जात आहे की नाही हे महत्त्वाचे असते. लागोपाठ दोन महिने रेषा आडवी राहिली, किंवा सहा महिन्यांवरील मुलाच्या दंडाचा घेर १२.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर वाट न पाहता आरोग्य केंद्रात दाखवावे, ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी घेर म्हणजे तीव्र कुपोषण, आणि त्यावर तातडीने उपचार लागतात. जुलाब किंवा ताप असतानाही अन्न व आईचे दूध थांबवू नये, आणि बरे झाल्यावर किमान दोन आठवडे रोज एक वेळ जास्त भरवावे, म्हणजे घटलेले वजन भरून निघते.