अपडेट कोणाकडून आले, हे कसे तपासावे

फोंड्यातील एका वाचनालयाच्या संगणकाची देखभाल मी करतो. गेल्या पावसाळ्यात तेथील ताईंचा फोन आला: 'ब्राउझर जुना झाला आहे, ताबडतोब अपडेट करा' अशी पिवळी पट्टी दिसली, त्यांनी ती दाबली आणि एक फाइल उतरली. ती उघडण्यापूर्वी त्यांनी विचारले, हे फार चांगले झाले. तो टॅब बंद करताच पट्टीही नाहीशी झाली, म्हणजे ती ब्राउझरची नव्हती, उघडलेल्या पानाची होती.

म्हणून समोर आलेल्या सूचनेवरून कधीही अपडेट घेऊ नये. ते शोधायला आपण स्वतः जावे. ब्राउझरचे अपडेट त्याच्या मेनूतील 'अबाउट' पानावर आणि विंडोजचे सेटिंग्जमध्ये मिळते. मोबाइलवर प्ले स्टोअर उघडावे. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल (अँड्रॉइड फोनवर ॲप बसवणारी फाइल), पाठवणारा ओळखीचा असला तरी, उघडू नये.

संकेतस्थळावरून फाइल उतरवावीच लागली, तर विंडोजमध्ये तिच्यावर राइट-क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मधील 'डिजिटल सिग्नेचर्स' (निर्मात्याची संगणकीय सही) हा टॅब पाहावा. तेथे निर्मात्याचे नाव असावे आणि 'डिटेल्स' दाबल्यावर सही वैध असल्याचे दिसावे. काही छोटे मोफत प्रोग्राम सहीविनाच येतात. अशा वेळी पॉवरशेलमध्ये (विंडोजमधील आज्ञा लिहिण्याची खिडकी) 'गेट-फाइलहॅश' ही आज्ञा देऊन मिळणारा ६४ अक्षरांचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलवरून काढलेला तिचा जणू अंगठ्याचा ठसा, निर्मात्याने जाहीर केलेल्या हॅशशी पूर्ण जुळवावा. पहिली चार अक्षरे पाहून थांबू नये. अक्षरे मोठ्या लिपीतील की लहान, याने मात्र फरक पडत नाही.

हॅश कोठून घेतला, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंट या मोफत संगणक प्रणालीच्या संकेतस्थळात घुसखोरांनी शिरून डाउनलोडचा दुवाच बदलला आणि लोकांना छुपे दार ठेवलेली प्रत मिळू लागली. ज्याच्या हाती पान जाते, त्याला त्यावरील हॅशही बदलता येतो. त्यामुळे निर्मात्याने हॅशची यादी जीपीजी या डिजिटल सही करण्याच्या प्रोग्रामने सही करून दिली असेल, तर ती सही तपासावी.

सहीलाही मर्यादा आहे. २०१७ मध्ये सीक्लीनर या संगणक साफ करणाऱ्या प्रोग्रामच्या ५.३३ आवृत्तीत घातक कोड निर्मात्याच्याच वैध सहीसह बाहेर पडला होता. सही नाव सांगते, निर्मात्याच्या घरात काय घडले ते सांगत नाही. म्हणून अँटिव्हायरस चालू ठेवावा. तरीही अपडेट घेणे थांबवू नये, कारण जुन्या आवृत्तीतील उघड झालेल्या त्रुटींचा धोका रोजचा आहे.

हॅश जुळला नाही, तर फाइल न उघडता पुसावी व पुन्हा उतरवावी. दुसऱ्यांदाही जुळला नाही, तर निर्मात्याला कळवावे.