कढीपत्त्याचे फुटवे: छाटू नका, मुळापासून ओढा

मोरीच्या पाण्यावर वाढलेला आमचा कढीपत्ता पंधरा वर्षांचा आहे. झाड एकच, पण पावसाळा लागला की त्याची पिलं तुळशीवृंदावनापासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत डोकं काढतात. पहिली तीन-चार वर्षं मी ती कोयत्याने जमिनीलगत छाटत होते. तिथेच चुकलं. मातीखाली राहिलेल्या बुडख्यावर डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, असतात. छाटलं की एकाच्या जागी तीन फुटतात आणि बुडखा दरवेळी जाड होत जातो.

आता दोन-तीन मोठे पाऊस होऊन माती मऊ झाली की मी खुरपं घेऊन बसते. आधी पाहायचं, बियांचं रोप आहे की झाडाच्या मुळावरून आलेला फुटवा. बुलबुल पिकलेली काळी फळं खातात आणि बिया टाकतात. त्या बियांचं कोवळं रोप अलगद उपटतं, खाली सरळ सोटमूळ दिसतं. फुटवा हलत नाही. भोवतीची माती हाताने सारली की चार-सहा बोटं खाली आडवं गेलेलं मूळ लागतं. फुटवा त्या मुळाला चिकटलाय, अगदी तिथेच धरायचा आणि बाजूला झटका देऊन ओढायचा. सालीच्या टाचेसकट निघाला की डोळेही गेले. करंगळीहून जाड असेल तर धारदार चाकूने मुळासरशी कापा, खुंटी ठेवू नका. पुढे दसऱ्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी एक फेरी मारायची. तेव्हा आलेले कोवळे फुटवे चिमटीतच निघतात.

कुदळीने भोवती खणू नका. जखमी मूळ आणखी फुटतं, तुटून राहिलेला तुकडाही झाड होऊ पाहतो. तणनाशक तर मुळीच नको. फुटवा आणि थोरलं झाड एकाच मुळावर जगतात, औषध झाडात उतरतं, आणि ही पानं आपण रोज फोडणीत घालतो.

कलमी झाडाची गोष्ट वेगळी. नागपुरी संत्र्याचं कलम जंबेरी लिंबाच्या खुंटावर, म्हणजे मुळं असलेल्या बुंध्यावर, बांधतात; जोडाखालून आलेला फुटवा जंबेरीचा, तो दिसताक्षणी काढा. कढीपत्त्याचा फुटवा मात्र लावता येतो. स्वतःची बारीक मुळं फुटलेला निवडा, आडव्या मुळाचा वीतभर तुकडा त्याच्यासोबत कापून घ्या, निम्मी पानं काढा आणि कुंडी आठवडाभर सावलीत ठेवा. कापल्या जागी नवे फुटवे येणारच, म्हणून मी वर्षाला दोनच काढते. यंदाचा एक शेजारच्या काकूंना द्यायचाय, दुसरा धाकट्या बहिणीला.