अँबॅसिडरचं हेड चिकटलं तर

आमच्या मांगरात बाबांची १९६८ सालची अँबॅसिडर मार्क टू बारा पावसाळे नुसती उभी होती. फोंड्याकडचा पावसाळा म्हणजे चार महिने भिंतींनाही घाम. त्यात बाबांनी रेडिएटरमध्ये जन्मभर विहिरीचं पाणी ओतलं; कूलंट म्हणजे त्यांच्या लेखी श्रीमंतांची थेरं. गेल्या चवथीनंतर मी हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं जड झाकण, उतरवायला घेतलं, ते दोन आठवडे जागचं हललं नाही.

या १४८९ सीसी इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे खालचा मुख्य सांगाडा, बिडाचा आणि हेडही बिडाचंच. दोन्हींमधलं जुनं गॅस्केट, सांधा गळू नये म्हणून घातलेला पातळ थर, चिकटतं हे खरं, पण हेड खरं धरून ठेवतात ते स्टड. ब्लॉकमधून उभे राहिलेले हे खांब हेडच्या भोकांतून वर येतात. मध्ये जेमतेम केसभर फट. गॅस्केटच्या कडेने झिरपलेलं पाणी तिच्यात शिरतं, गंज धरतो, आणि गंजाला मूळ लोखंडाहून जास्त जागा लागते. पाचर मारल्यासारखं होतं सगळं. तेव्हा हातोडी बाजूला ठेवा.

आधीची कामं नेहमीचीच: इंजिन पूर्ण गार, बॅटरीची वायर काढलेली, रेडिएटर आणि ब्लॉक दोन्हींचं पाणी सोडलेलं, वरचा होज, कार्बोरेटर, मॅनिफोल्ड मोकळे. पाने इंचातलेच घ्या. मिलिमीटरची गोटी (सॉकेट) ‘बसते की’ म्हणून लावाल तर गंजलेल्या नटाचे कोपरे गोल होतील.

हेडचे नट ११. त्यांतले चार रॉकरचे, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफांचे, ठोकळेही धरतात. सगळे एकदम सोडू नका. कडेपासून मध्याकडे, दर फेरीला पाव आटा. रॉकर निघाला की आठही पुशरॉड, म्हणजे रॉकरला खालून ढकलणारे दांडे, उचला, पण उचलताना जरा पिळा, नाहीतर तेलाच्या ओढीने खालचा टॅपेट, ज्यावर दांडा टेकतो तो, सोबत वर येतो. पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून ते ओळीने खोचून ठेवा. जो जिथला, तो तिथेच परत जायला हवा.

आता नट मोजा. हसू नका. मी आणि भाच्याने अख्खी एक दुपार लाकडाने ठोकण्यात घालवली. संध्याकाळी भाचा म्हणाला, “मामा, दहाच आहेत हो.” अकरावा स्पार्क प्लगांच्या बाजूला, ग्रीस आणि मातीच्या लपक्याखाली. बिडाचाच उंचवटा वाटत होता.

मोजणी जुळली की प्रत्येक स्टडच्या बुंध्याशी गंज सोडवणारं तेल सोडा. सकाळ-संध्याकाळ, तीन-चार दिवस. दर वेळी स्टडच्या डोक्यावर नट बसवून हलक्या हाताने टकटक करा, म्हणजे कंपाने तेल खाली उतरतं. ब्लोलॅम्प लावायचा मोह मी आवरला. मांगरात पेट्रोलचा वास, वर झावळ्यांचं छप्पर.

एवढ्यावर काहींचं हेड सुटतं. आमचं नाही सुटलं. मग दोरी. ती सिलिंडरमध्ये भरायची, म्हणजे वर येणारा पिस्टन तिच्यातून हेडला आतून ढकलतो.

दोरी ८ मिलिमीटर जाडीची, मऊ, साधारण दोन मीटरचे दोन तुकडे. सुंभ नको, त्याचे धागे बोअरमध्ये, म्हणजे पिस्टनच्या नळकांड्यात, सुटतात. रॉकर काढलेला असल्याने सगळे व्हॉल्व्ह बंदच असतात, ते आपल्या पथ्यावर. चारही प्लग काढा. गिअर न्यूट्रलला. पहिला आणि चौथा पिस्टन एकाच वेळी वर-खाली होतात, म्हणून दोरी त्याच दोघांत भरा. हेड पुढूनमागून सारखं उचललं जातं. दोन्ही पिस्टन खाली असताना प्लगच्या भोकातून दोरी आत सरकवा आणि हातभर शेपूट बाहेर ठेवा. आत गेली तर रडायची पाळी येते. नट स्टडवर दोन-तीन आट्यांवर परत चढवा, नाहीतर हेड उडी मारेल.

आता पुढून स्टार्टिंग हँडल घालून हळूहळू फिरवा. स्टार्टर अजिबात नाही. दोरी दबते, हँडल जड होतं, आणि एक क्षण वाटतं की आपलंच काहीतरी मोडणार. तिथे थांबा, हाताचा जोर तेवढाच ठेवा. आमच्याकडे आधी गंजाची लाल पूड स्टडच्या कडेने वर आली, मग सुकलेला नारळ फुटावा तसा आवाज. हेड दोन मिलिमीटर उचललं होतं.

लगेच ओढू नका. नट आवळून परत खाली बसवा, तेल सोडा, पुन्हा हँडल. पाच-सहा वेळा वर-खाली केलं की स्टडवरची पूड मोकळी होते. मग नट काढा आणि दोघांनी दोन टोकांना धरून सरळ वर उचला. एक बाजू आधी उचललीत तर ते स्टडवर तिरकं अडकेल. अडलंच तर फणसाच्या लाकडाचा ठोकळा जाड भागाला लावून बाजूने ठोका. सांध्यात छिन्नी किंवा स्क्रूड्रायव्हर मात्र घालू नका. एक ओरखडा पडला की नवं गॅस्केटही तिथूनच गळतं, आणि मग हेड घेऊन फेसिंगला, म्हणजे यंत्रावर तळ सपाट करून घ्यायला, जाणं आलं.

हेड उतरलं की पाण्याच्या वाटा आणि बोअर जुन्या धोतराच्या फडक्याने लगेच बुजवा. आमच्या मांगरात रात्री उंदीर नाचतात, आणि वरून सुपाऱ्यांची टरफलं पडतात.